कॉलेज करता करता फौजी अफसर कसं व्हायचं? नागपूर-कामठीच्या मुलामुलींसाठी माहिती

नागपूर-कामठीच्या माणसाला फौज नवीन नाही. कामठीची छावणी १८२१ सालची. गार्ड्स रेजिमेंटचं सेंटर तिथेच आहे. इकडे वायुसेना नगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय, आणि सीताबर्डीचा किल्ला तर वर्षातून मोजक्या दिवशीच आपल्यासाठी उघडतो, बाकी वेळ तो लष्कराचा. फौज रोज डोळ्यांसमोर असते. पण त्या फौजेत अफसर म्हणून जायचा रस्ता कुठून सुरू होतो, हे मोमिनपुऱ्यातल्या किंवा कामठीतल्या बहुतेक घरांत कुणी सांगू शकत नाही.

तो रस्ता कॉलेजच्या पहिल्या वर्षात, जुलै-ऑगस्टच्या सुमाराला, नोटीस बोर्डवर लागलेल्या एका कागदापासून सुरू होतो. कागदावर लिहिलेलं असतं: एनसीसी नावनोंदणी. चार-आठ दिवसांत तो कागद निघून जातो. आपली मुलं त्याची चौकशी करतात ती तिसऱ्या वर्षात, आणि तोवर उशीर झालेला असतो. हा लेख मुख्यतः त्या कागदाबद्दल आहे.

आधी एक घोळ मिटवू

आपल्याकडे 'मुलगा फौजेत चालला' म्हटलं की लोकांना मैदानावरची भरती आठवते. रांग, धावणं, छाती मोजणं. ती भरती जवानांची, आता अग्निवीरांची. इज्जतीचं काम आहे, त्यात काही कमी नाही. पण अफसरची निवड पूर्णपणे वेगळी असते. तिला पदवी लागते, सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डाची म्हणजे एसएसबीची पाच दिवसांची परीक्षा लागते, आणि त्यानंतर अकादमीतलं प्रशिक्षण. तिथून बाहेर पडणारा थेट लेफ्टनंट होतो.

दुसरा घोळ कामठीचाच. कामठीत ओटीए म्हणजे ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी आहे, म्हणून बऱ्याच जणांना वाटतं की फौजेचे अफसर इथेच घडतात. तसं नाही. कामठीची ओटीए एनसीसीची आहे. शाळा-कॉलेजांतले जे शिक्षक-प्राध्यापक एनसीसी सांभाळतात, त्यांचं प्रशिक्षण तिथे होतं. लष्करी अफसर घडवणारी ओटीए चेन्नईला आहे. आणि इंडियन मिलिटरी अकादमी, म्हणजे आयएमए, देहरादूनला.

एनसीसी म्हणजे काय, आणि काय नाही

राष्ट्रीय छात्रसेना १९४८ च्या कायद्याने उभी राहिली. त्याआधी इंग्रजांच्या काळात विद्यापीठांत युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर असायची, पुढे तिचं नाव बदलून युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर झालं. १९६२ च्या चीन युद्धानंतर, १९६३ मध्ये कॉलेजच्या मुलांना एनसीसी सक्तीची झाली. १९६८ मध्ये ती पुन्हा ऐच्छिक झाली आणि आजवर तशीच आहे. तुमच्या घरातल्या एखाद्या बुजुर्गाने 'हम भी परेड करते थे' असं सांगितलं असेल, तर ते बहुधा त्याच पाच वर्षांतलं.

पालकांना सांगायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: एनसीसीत नाव घातलं म्हणून फौजेत जावंच लागतं असं काही नाही. कॅडेटवर सैन्यात जायचं कोणतंही कायदेशीर बंधन नसतं. तीन वर्षं करून मुलगी शिक्षिका झाली, मुलाने दुकान टाकलं, कुणी विचारत नाही. आणि याची उलट बाजूही खरी. एनसीसी केली म्हणून कुणी अफसर होत नाही. ती एक दार उघडते, आत पाय तुम्हालाच टाकावा लागतो.

कॉलेजच्या मुलांच्या विभागाला सिनियर डिव्हिजन म्हणतात आणि मुलींच्या विभागाला सिनियर विंग. लष्कर, नौदल, हवाई दल अशा तीन शाखा असतात. नागपुरात पायदळाच्या बटालियन आहेत आणि हवाई शाखेची स्क्वॉड्रनही आहे. पण प्रत्येक कॉलेजात एनसीसी नसते, आणि जिथे असते तिथे जागा मोजक्या असतात. म्हणून बारावीनंतर ॲडमिशन घेतानाच विचारायचं: इथे एनसीसी आहे का, कोणती शाखा, मुलींना जागा आहेत का, कोणते सर किंवा मॅडम बघतात? घरापासून जवळ आहे म्हणून कॉलेज निवडणं आणि या प्रश्नांची उत्तरं मिळवून निवडणं, यात पुढच्या आयुष्याचा फरक पडू शकतो.

तीन वर्षं कशी जातात

निवडीच्या वेळी धावायला लावतात, उंची बघतात, थोडं लेखी आणि थोडं तोंडी विचारतात. त्यानंतर आठवड्याच्या परेड. ड्रिल, हत्यारांची ओळख, पॉइंट टू-टू रायफलने फायरिंग, नकाशा वाचन, प्रथमोपचार. परेडला ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत. आपली मुलं मार खातात ती इथेच. घरचं दुकान, संध्याकाळची नोकरी, शादीचा सीझन, आणि परेड बुडत जाते. एकदा हजेरी गेली की वर्ष गेलं.

दोन वर्षांनंतर 'बी' प्रमाणपत्राची परीक्षा असते आणि तिसऱ्या वर्षी 'सी' ची. 'बी' नसेल तर 'सी' ला बसता येत नाही. शिवाय कॅम्प करावे लागतात. वार्षिक कॅम्प साधारण दहा दिवसांचा असतो. तंबू किंवा बराकीत राहणं, पहाटे पीटी, दिवसभर कार्यक्रम, रात्री सांस्कृतिक. मुलीला दहा दिवस बाहेर पाठवायचं म्हटलं की घरात चर्चा होतेच. तेव्हा पालकांनी कॉलेजच्या एनसीसी ऑफिसरला जाऊन भेटावं, सोबत कोण येतं, राहण्याची सोय कशी आहे ते विचारावं. विचारण्यात काही गैर नाही. न विचारता नाही म्हणणं मात्र मुलीचं नुकसान करतं, कारण कॅम्पशिवाय प्रमाणपत्र नाही.

'सी' प्रमाणपत्राला ग्रेड मिळतात. ए किंवा बी ग्रेड आली तरच पुढचं खास दार उघडतं. सी ग्रेड आली तर प्रमाणपत्र भिंतीवर लावायला चांगलं, पण या कामाला चालत नाही. म्हणून लेखी परीक्षेला हलकं घेऊ नका. मुलं ड्रिलमध्ये चमकतात आणि पेपरात घसरतात.

दोन दारं

पहिलं दार एनसीसी स्पेशल एंट्री. यात लेखी परीक्षा नसते. 'सी' प्रमाणपत्रात किमान बी ग्रेड, पदवीला ५० टक्के, वय १९ ते २५, आणि अविवाहित. एवढं असेल तर अर्ज जॉइन इंडियन आर्मीच्या संकेतस्थळावर करायचा, छाननी झाली की थेट एसएसबीचं बोलावणं. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही आधीच्या वर्षांत ५० टक्के असतील तर अर्ज करता येतो. वर्षातून दोनदा जागा निघतात. निवड झाली की चेन्नईच्या ओटीएत प्रशिक्षण आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन, म्हणजे दहा वर्षांची नोकरी, जी पुढे चार वर्षं वाढू शकते. जागा मुलांना जास्त, मुलींना अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

दुसरं दार सीडीएस, म्हणजे यूपीएससीची कंबाइंड डिफेन्स सर्व्हिसेस परीक्षा. हीही वर्षातून दोनदा. नागपूर हे परीक्षेचं केंद्र आहे, म्हणून बाहेर जायचा खर्च नाही. आयएमएसाठी तीन पेपर: इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि प्राथमिक गणित, प्रत्येकी १०० गुण आणि दोन तास. ओटीएसाठी गणित नाही, फक्त पहिले दोन. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापतात. आयएमएच्या १०० जागा असतात आणि त्यातल्या काही 'सी' प्रमाणपत्रवाल्यांसाठी राखीव ठेवतात. आयएमए फक्त मुलांसाठी आहे, मुली सीडीएसमधून ओटीएत जातात. मुलींना परीक्षेची फी नाही.

कला आणि वाणिज्य शाखेची मुलं विचारतात, आम्हाला चालतं का? आयएमए आणि ओटीएला कोणतीही पदवी चालते. उर्दू साहित्यात बीए असलं तरी चालतं. नौदलाला इंजिनियरिंग लागतं आणि हवाई दलाच्या वैमानिकाला बारावीत गणित-भौतिकशास्त्र लागतं.

वयाचा हिशोब मांडून बघा. अठराव्या वर्षी पहिल्या वर्षाला आलेला मुलगा एकविसाव्या वर्षी 'सी' घेऊन बाहेर पडतो. २५ पर्यंत त्याच्याकडे दोन्ही दारांवर मिळून बरेच प्रयत्न उरतात. पहिल्या एसएसबीत निवड न होणं ही नेहमीची गोष्ट आहे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला निवडले जाणारे कितीतरी असतात. पण ज्याला या रस्त्याची खबरच तेविसाव्या वर्षी लागते, त्याच्याकडे 'सी' नाही आणि सीडीएसचे दोन-चार प्रयत्न, बस.

'अविवाहित' ही अट नीट वाचा. ती प्रशिक्षण संपेपर्यंत लागू आहे. प्रशिक्षणाच्या काळात निकाह केला तर बाहेर काढतात. घरात मुलीच्या किंवा मुलाच्या रिश्त्याची बोलणी सुरू असतील तर हे समोरच्यांना आधीच सांगावं.

एसएसबीचे पाच दिवस

नागपूरकरांना सोयीचं केंद्र भोपाळ. बाकी प्रयागराज, बंगळुरू आणि पंजाबात जालंधर. बोलावणं कुठलंही येऊ शकतं. त्या प्रकारच्या एंट्रीत पहिल्यांदा जाणाऱ्याला रेल्वेचं भाडं परत मिळतं, म्हणून तिकीट जपून ठेवा.

पहिल्या दिवशी गाळणी. बुद्धिमत्तेचे प्रश्न, आणि एक धूसर चित्र अर्धा मिनिट दाखवून त्यावर गोष्ट लिहायची. मग गटात ती सांगायची आणि सगळ्यांनी मिळून एक गोष्ट ठरवायची. अर्ध्याहून जास्त मुलं इथूनच घरी परततात. कारण एकच: गटात सगळे एकदम ओरडतात किंवा कोपऱ्यात गप्प बसतात. आवाज चढवणारा निवडला जातो, ही चुकीची समजूत आहे.

दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या. चित्रांवर गोष्टी, मग ६० शब्द, प्रत्येकाला १५ सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. मग ६० प्रसंग अर्ध्या तासात. बाजारातली पाठ केलेली उत्तरं इथे उपयोगी पडत नाहीत. बोर्डाने ती सगळी वाचलेली असतात. 'तुमच्या वस्तीत आग लागली' असा प्रसंग आला आणि तुम्ही मोहल्ल्यात खरंच काही काम केलेलं असेल, रक्तदान शिबिर, पुराच्या वेळची मदत, मुलांची शिकवणी, तर उत्तर आपोआप खरं निघतं.

मग दोन दिवस मैदान. फट्टा, बल्ली आणि रस्सी घेऊन गटाने अडथळे पार करायचे. वैयक्तिक अडथळे, तीन मिनिटांचं भाषण, एका कामात तुम्हीच कमांडर. एनसीसीच्या मुलांचा फायदा इथे दिसतो, त्यांना गटात काम करायची सवय असते. याच दिवसांत मुलाखत होते. तिथे घर, वडिलांचा धंदा, भावंडं, कॉलेज, बातम्या, सगळं विचारतात. वडील हातमागावर काम करतात, रिक्षा चालवतात, हे सांगायला कचरू नका. लपवलेलं लगेच कळतं. पाचव्या दिवशी सगळे परीक्षक एकत्र बसतात आणि संध्याकाळपर्यंत निकाल.

या सगळ्यासाठी शहरात खासगी क्लास आहेत, फी भरपूर. त्याआधी एक सरकारी सोय माहीत हवी. महाराष्ट्राच्या सैनिक कल्याण विभागाचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र नाशिक रोडला आहे. सीडीएसची लेखी परीक्षा पास झालेले किंवा ए-बी ग्रेडचं 'सी' प्रमाणपत्र असलेले आणि एनसीसी ग्रुप मुख्यालयाने शिफारस केलेले यांना तिथे एसएसबीची तयारी करून देतात. प्रशिक्षण, राहणं आणि जेवण फुकट. निवड नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत होते. तिथे जाऊन पुढची बॅच कधी आहे ते विचारा. आणि हो, 'एसएसबीत सेटिंग करून देतो' म्हणणारा कुणी भेटला तर पैसे देऊ नका. पाच दिवस तीन वेगवेगळे परीक्षक एकमेकांना न विचारता गुण देतात, तिथे सेटिंग होत नाही.

भाषा

सीडीएसचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. उर्दूत नाही, मराठीतही नाही. इंग्रजीचा पेपर तर इंग्रजीच. कामठी-नागपूरच्या उर्दू शाळांत शिकलेल्या मुलांना हा खरा अडसर वाटतो. पण प्रत्येक पेपरात किमान २० टक्के आणि मग एकूण कटऑफ, असा हिशोब आहे. साहित्याचं इंग्रजी कुणी मागत नाही. एसएसबीत ग्रुपमध्ये बोलायला सोपं, सरळ इंग्रजी लागतं, अडलं तर हिंदीचा आधार चालतो. आमचं मत विचाराल तर पहिल्या वर्षापासून रोज एक इंग्रजी बातमी मोठ्याने वाचायची आणि मित्राला इंग्रजीतच सांगायची. तीन वर्षांत हजार बातम्या होतात. क्लासला पैसे नसतील तर एवढं तरी होतंच.

नावाचं स्पेलिंग

हे आपल्या समाजाचं खास दुखणं आहे. दहावीच्या सनदेवर 'शेख मोहम्मद', आधारवर 'मोहम्मद शेख', टीसीवर 'मोहमद', वडिलांच्या नावापुढे कुठे अब्दुल आहे, कुठे नाही. इंग्रजी स्पेलिंग तर चार कागदांवर चार. यूपीएससी आणि लष्कर जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावरची धरतात आणि नावही तेच जुळलं पाहिजे. एनसीसीच्या नावनोंदणी अर्जावर जे लिहाल तेच 'बी' आणि 'सी' वर छापून येतं. म्हणून पहिल्या वर्षातच दहावीची सनद समोर ठेवून बाकी सगळे कागद तिच्याप्रमाणे दुरुस्त करून घ्या. राजपत्रात नावबदलाची नोंद किंवा प्रतिज्ञापत्र करायला वेळ लागतो, आणि एसएसबीहून परत आल्यावर तो वेळ मिळत नाही.

दीनचे प्रश्न

हे प्रश्न लोक दबक्या आवाजात विचारतात, म्हणून सरळ लिहितो.

दाढी: हवाई दलात मुस्लिम कर्मचाऱ्याला दाढी ठेवता येते का, हा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला होता. १५ डिसेंबर २०१६ च्या निकालात न्यायालयाने हवाई दलाचा नियम योग्य ठरवला. केस कापण्याची ज्यांच्या धर्मात मनाई आहे, त्यांनाच सूट. इस्लाममध्ये तशी मनाई असल्याचं न्यायालयासमोर मांडलं गेलं नाही. अकादमीत दाढी काढावी लागते हे धरूनच चाला. ज्याला ते मान्य नाही त्याने आधीच ठरवावं, ओळखीच्या आलिमशी बोलावं. रुजू व्हायच्या दिवशी वाद घालू नये.

नमाज आणि रोजा: लष्करी तळांवर सर्वधर्म स्थळ असतं आणि सैन्य धर्मशिक्षकांमध्ये मौलवींचीही भरती करतं. प्रशिक्षणात मात्र वेळापत्रक वेळापत्रकच असतं. एनसीसी कॅम्प रमजानमध्ये आला तर पहिल्याच दिवशी ऑफिसरला सांगा की मी रोजे ठेवणार आहे. सेहरीची सोय आपोआप होईल असं धरू नका, आणि रोजा ठेवून पाच किलोमीटर धावण्याची मर्दुमकीही दाखवू नका.

मुली: गणवेशात स्कार्फला जागा नाही, हे घरात आधी बोलून घ्या. पण 'आपल्यात मुली फौजेत जात नाहीत' हे बरोबर नाही. कर्नल सोफिया कुरेशी वडोदऱ्याच्या. बायोकेमिस्ट्रीत एमएससी करून १९९९ मध्ये चेन्नईच्या ओटीएतून सिग्नल्समध्ये अफसर झाल्या. २०१६ मध्ये पुण्यात १८ देशांचा सराव झाला तेव्हा भारतीय तुकडीच्या प्रमुख त्याच होत्या. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती देताना सगळ्या देशाने त्यांना टीव्हीवर पाहिलं.

त्यांच्याही आधीची नावं घरात सांगावीत अशी आहेत. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान, 'नौशेरा का शेर', ३ जुलै १९४८ ला झांगडला शहीद झाले, महावीर चक्र. एअर चीफ मार्शल इद्रिस हसन लतीफ हवाई दलाचे प्रमुख होते, नंतर १९८२ ते १९८५ आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल. आणि कॅप्टन हनीफ उद्दीन. दिल्लीच्या शिवाजी कॉलेजातून पदवी घेऊन आयएमएत गेले, जून १९९७ मध्ये अफसर झाले आणि बरोबर दोन वर्षांनी, ६ जून १९९९ ला, कारगिल युद्धात तुर्तुक भागात शहीद झाले. वय २४. तो भाग आज सब-सेक्टर हनीफ म्हणून ओळखला जातो.

पैसा आणि मेडिकल

ओटीएतलं प्रशिक्षण ४९ आठवड्यांचं, आयएमएचं १८ महिन्यांचं. त्या काळात महिन्याला ५६,१०० रुपये स्टायपेंड मिळतो. म्हणजे घरून पैसे लागत नाहीत, उलट घरी पाठवता येतात.

एसएसबीत निवड झाल्यावर लष्करी रुग्णालयात मेडिकल होतं. चपटे पाय, गुडघे एकमेकांना लागणं, नाकाचा वाकडा पडदा, रंग ओळखता न येणं, कानात मळ, जास्त वजन. यातल्या काही गोष्टी दुरुस्त होतात, काही नाही. म्हणून पहिल्याच वर्षी एकदा डोळ्यांच्या आणि हाडांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. रंगांधळेपणा असेल तर तीन वर्षांनी कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. चष्मा काढायचा म्हणून २० वर्षांच्या आत लेझर ऑपरेशन करू नका, त्या कारणानेच अनफिट करतात. शरीरावर टॅटू काढू नका. आणि मेडिकल बोर्डाने अनफिट दिलं तर निराश होऊन गाडी पकडू नका. अपिलाचा हक्क असतो आणि त्याची मुदत तिथे मिळालेल्या कागदावरच लिहिलेली असते. तो कागद वाचूनच सही करा.